श्नायडर, श्वेर्टे आणि माझी संदर्भसूची

गेल्या महिन्यात सिनॉप्सिसवरच्या चर्चेत मला एक प्रश्न विचारला गेला आणि माझी बोलती बंद झाली. प्रश्न अवघड नव्हता. पहिल्या प्रकरणाच्या आराखड्यात मी हान्स श्वेर्टे या जर्मन अभ्यासकाच्या १९६२ सालच्या पुस्तकाचा भरपूर आधार घेतला होता. समितीतल्या एका मॅडमनी कागद खाली ठेवून विचारलं, "हा लेखक कोण, माहीत आहे ना?" मी म्हटलं, आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात जर्मन साहित्याचे प्राध्यापक होते, पुढे रेक्टर झाले. रेक्टर म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू समजा. मॅडम म्हणाल्या, "हे अर्धं झालं. उरलेलं घरी जाऊन बघ."

घरी जाऊन बघितलं. रात्री दोनपर्यंत बघत बसले. तुमच्यातले बरेच जण पेट देऊन आता विषय शोधताय, संदर्भसूची जमवायला लागलाय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते.

आधी पुस्तकाबद्दल, कारण पुस्तक खरोखर चांगलं आहे आणि खरी अडचण तीच आहे.

विंदा करंदीकरांनी गटेच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग १९६५ मध्ये मराठीत आणला. माझा विषय त्या अनुवादाच्या आसपासचा. फाउस्ट म्हणजे ज्ञानासाठी, अनुभवासाठी सैतानाशी करार करणारा विद्वान, इतकं आपल्याला माहीत असतं. पण जर्मनीत या नावाचं एक विशेषण झालं, 'फाउस्टिश'. म्हणजे कशातच समाधान न मानणारा, सतत पुढे झेपावणारा, सीमा ओलांडणारा. ओस्वाल्ड श्पेंग्लरने तर १९१८ नंतर सगळ्या पाश्चात्त्य संस्कृतीलाच हे विशेषण लावलं. श्वेर्टेच्या पुस्तकाचं नाव 'फाउस्ट आणि फाउस्टिश', आणि उपशीर्षकात तो त्याला जर्मन विचारसरणीचं एक प्रकरण म्हणतो. नाटक बाजूला ठेवून तो या विशेषणाचा इतिहास लिहितो. हा शब्द सुरुवातीला कौतुकाचा नव्हता. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य उभं राहिलं, त्याला एक राष्ट्रीय नायक हवा होता, आणि फाउस्टला त्या जागी बसवण्यात आलं. नाटकाच्या दुसऱ्या भागात म्हातारा फाउस्ट समुद्र हटवून जमीन मिळवतो. त्या कामाच्या आड येणारं एक वृद्ध जोडपं, फिलेमॉन आणि बाउकिस, आपल्या झोपडीसकट आगीत संपतं. आता फाउस्टला आदर्श करायचा तर ही आग नजरेआड करावी लागते. ती कशी नजरेआड केली गेली, हे श्वेर्टे दाखवतो. ड्यूररच्या 'सरदार, मृत्यू आणि सैतान' या चित्राचंही असंच काय झालं, त्यावर त्यात वेगळं प्रकरण आहे.

एखादा शब्द राष्ट्राच्या कामाला कसा जुंपला जातो, हे बघण्याची ही पद्धत १९६२ च्या जर्मन साहित्याभ्यासात नवी होती. त्या क्षेत्रातले बरेच ज्येष्ठ लोक तेव्हा कवितेच्या आतच बसून होते. बाहेर आलं तर १९३३ ते १९४५ मध्ये कोण काय लिहीत होतं हे निघालं असतं. आपल्या विषयाच्या या भूतकाळाबद्दल जर्मन अभ्यासक जाहीरपणे बोलले ते १९६६ च्या म्युनिकच्या अधिवेशनात. श्वेर्टेचं पुस्तक त्याच्या चार वर्षं आधीचं. पुरोगामी विद्यार्थ्यांना तो आपला वाटायचा तो उगीच नाही.

आता लेखक. हान्स श्वेर्टे नावाचा माणूस १९४५ च्या आधी अस्तित्वात नव्हता. कागदोपत्री तो १९१० मध्ये हिल्डेसहाइमला जन्मला होता. प्रत्यक्षात तो १९०९ मध्ये क्योनिग्सबर्गला जन्मलेला हान्स एर्न्स्ट श्नायडर होता, एसएसमध्ये हाउप्टश्टुर्मफ्युरर, म्हणजे साधारण कॅप्टनच्या हुद्द्याचा अधिकारी. युद्ध संपताना श्नायडर बर्लिनजवळच्या लढाईत मेला असं सांगितलं गेलं, आणि श्वेर्टे उगवला. १९४७ मध्ये श्वेर्टेने श्नायडरच्या 'विधवे'शी लग्न केलं, म्हणजे स्वतःच्याच बायकोशी दुसऱ्यांदा. स्वतःच्या मुलीला दत्तक घेतलं. १९४८ मध्ये एर्लांगेनला रिल्केच्या कवितेतल्या काळाच्या कल्पनेवर पीएचडी केली. (काळाच्या कल्पनेवर! असा विषय कथेत घातला असता तर फार ओढूनताणून वाटला असता.) १९५८ मध्ये 'हाबिलिटात्सिओन' झालं. प्राध्यापक व्हायला पीएचडीनंतर जो दुसरा मोठा प्रबंध लागतो तो हा, आणि तोच पुढे फाउस्टचं पुस्तक झाला. १९६५ मध्ये आखेनला प्राध्यापक, १९७० ते १९७३ रेक्टर, १९७८ मध्ये निवृत्त, १९८३ मध्ये संघराज्याचा सन्मान. एप्रिल १९९५ मध्ये डच टीव्हीवर सगळं बाहेर येणार हे कळल्यावर त्याने घाईघाईने स्वतःहून कबुली दिली. तेव्हा तो पंच्याऐंशी वर्षांचा होता. प्राध्यापकपद, निवृत्तिवेतन, सन्मानपदक सगळं गेलं. १९९९ च्या डिसेंबरमध्ये तो वारला.

मराठीत त्याच्याबद्दल लिहायला बसलं की पहिल्याच वाक्याला अडतं. जर्मनमध्ये 'एर' म्हटलं की काम भागतं. मराठीत प्राध्यापक म्हटलं की 'ते' आणि 'त्यांनी', आणि एसएसचा अधिकारी म्हटलं की हात आपोआप 'तो' लिहितो. पहिल्या खर्ड्यात मी १९४५ पर्यंत 'तो' आणि नंतर 'ते' असं करून टाकलं होतं. वाचून बघितलं तर लक्षात आलं, की मी त्याचंच काम करून देतेय; एका माणसाचे दोन करून देतेय. म्हणून इथे सगळीकडे 'तो'.

१९९५ नंतर या माणसावर भरपूर लिहिलं गेलं. आखेनच्याच विद्यार्थ्यांच्या एका गटाने पुस्तिका काढली आणि स्वतःला 'घरटं घाण करणारे' असं नाव घेतलं, कारण घरातलं बाहेर सांगणाऱ्याला जर्मनमध्ये हीच शिवी देतात. १९९८ मध्ये दोन मोठी पुस्तकं आली. क्लाउस लेगेवी यांच्या पुस्तकाचं शीर्षकच सांगतं की हा इतिहासापासून शिकू पाहणारा माणूस होता. म्हणजे खोटं नाव घेतलं खरं, पण त्या नावाखाली तो हळूहळू खरोखरच दुसरा माणूस झाला. दुसरे लुडविग येगर, स्वतः आखेनचेच प्राध्यापक. त्यांनी शीर्षकात 'बाजू बदलणं' हा शब्द वापरला आणि पुढे जर्मन साहित्याभ्यासाच्या 'शिष्टाईच्या मौना'वर बोट ठेवलं. त्यांच्या मते ही एका माणसाची गोष्टच नाही. एक अख्खं क्षेत्र आपल्या लोकांबद्दल गप्प राहण्यात तरबेज झालं होतं.

लेगेवींचं पुस्तक वाचनीय आहे आणि तेच मला पटत नाही. त्यात माणसाचं परिवर्तन मुख्यतः विचारांच्या पातळीवर होतं. तरुणपणी जर्मनवंशीय श्रेष्ठत्वाच्या बाजूने लिहिणारा उतारवयात त्या श्रेष्ठत्वाची चिरफाड करतो, म्हणजे बदलला. आपण साहित्यवाले या युक्तिवादाला चटकन भुलतो. माणूस त्याच्या लिखाणात सापडतो अशी आपली धंद्याची समजूत असते. त्यामुळे १९९५ नंतरची चर्चा पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नाशी आली: फाउस्टचं पुस्तक हे प्रायश्चित्त की मुखवटा? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून मिळूच शकत नाही. प्रामाणिकपणे बदललेला माणूस आणि वारा बघून पाठ फिरवणारा माणूस, दोघंही तीच वाक्यं लिहू शकतात.

पुस्तक मिटून मी त्याच्या नोकऱ्या बघायला लागले, आणि तिथे वेगळंच दिसलं.

श्नायडर हा लेखक म्हणून फार मोठा नव्हताच. त्याचं कौशल्य होतं विद्वानांची व्यवस्था लावण्यात. तो काम करायचा 'आनेनएर्बे' या संस्थेत. नावाचा अर्थ पूर्वजांचा वारसा. हिमलरच्या आश्रयाने १९३५ मध्ये सुरू झालेली, जर्मनवंशाचं मोठेपण विद्वत्तेच्या भाषेत सिद्ध करणारी संस्था. (आपल्याकडच्या संस्कृतवाल्यांनी हे जरूर वाचावं: तिचा प्रमुख वाल्टर व्युस्ट हा वेदांचा अभ्यासक होता आणि म्युनिक विद्यापीठाचा रेक्टरही. फेब्रुवारी १९४३ मध्ये नाझीविरोधी पत्रकं वाटणारी शोल भावंडं त्या विद्यापीठात पकडली गेली, तेव्हा तोच पदावर होता.) १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स घेतल्यावर श्नायडरला हेगला पाठवलं. काम काय, तर तिथले प्राध्यापक, लोककलांचे अभ्यासक, मासिकं, संस्था यांच्याशी संबंध जोडायचे. कोण आपल्या उपयोगाचा, कोणाला पैसा द्यायचा, कोणाला व्यासपीठ द्यायचं हे ठरवायचं. १९४२ पासून बर्लिनमध्ये त्याच्याकडे याच कामाचा मोठा विभाग आला. नेदरलँड्स, फ्लांडर्स म्हणजे बेल्जियमचा डचभाषक भाग, नॉर्वे, डेन्मार्क अशा 'जर्मनवंशीय' ठरवलेल्या देशांतल्या विद्वानांना एका माळेत ओवायचं.

आता श्वेर्टेकडे या. रेक्टरपद संपल्यावर १९७० च्या दशकात नोर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्याने त्याच्यावर एक खास जबाबदारी टाकली: राज्यातल्या विद्यापीठांचे नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या विद्यापीठांशी संबंध वाढवायचे.

मी हे वाक्य तीनदा वाचलं. तेच देश, तीच माणसं जोडण्याची कामगिरी. मधे तीस वर्षं गेली आणि नाव बदललं.

याचा अर्थ १९७० च्या दशकातलं काम नाझी काम होतं असा नाही. असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. सीमेपलीकडच्या विद्यापीठांशी मैत्री वाढवणं चांगलंच काम आहे. आखेन तर नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमेला खेटून आहे, तिथे ते गरजेचंही. रेक्टर म्हणूनही विद्यार्थी चळवळीच्या त्या गरम दिवसांत त्याने मधली वाट काढली असं सांगतात. माझा मुद्दा वेगळा आहे. टेबलापलीकडे बसलेल्या डच प्राध्यापकाला आपण कोणाशी हात मिळवतोय हे माहीत नव्हतं. १९४० मध्ये विशीत असलेली माणसं तेव्हा नोकरीत होती. त्यांना कळलं असतं तर कदाचित काहींनी हात मिळवलाही असता. पण ते ठरवण्याचा हक्क त्यांचा होता, आणि तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला. आपण स्वतःच स्वतःचं नाझीपण धुऊन काढलं, असा बचाव त्याने उघडकीला आल्यावर केला होता. धुतलं असेलही. पण ज्यांच्या घरात घाण केली त्यांना न सांगता धुतलं, आणि वर त्यांच्याच घरी पाहुणा म्हणून गेला.

आणि सगळ्यात वाईट भागही लेखांमध्ये नाही, पत्रव्यवहारात आहे. आनेनएर्बेचा एक हात वैद्यकीय होता. डाखाउच्या छळछावणीत झिगमुंड राशर कैद्यांवर जे प्रयोग करत होता त्यामागे हीच संस्था होती. संस्थेचा कारभारी वोल्फराम झीफर्स याला न्युरेंबर्गच्या डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४८ मध्ये फाशी झाली. व्याप्त नेदरलँड्समधल्या विद्यापीठांतून वैद्यकीय उपकरणं या कामासाठी मिळवण्याच्या पत्रव्यवहारात श्नायडरचं नाव येतं. १९९५ नंतर सरकारी वकिलांनी चौकशी केली, आणि खटला उभा राहण्याइतकं काही हाती लागलं नाही म्हणून ती थांबली. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. माझ्यासारखीला त्यातून दुसरं दिसतं. त्याच्या हातून जे घडलं असेल, ते मासिकातल्या एखाद्या भडक लेखातून घडलेलं नाही. ते 'आपल्या दिनांकाच्या पत्रास अनुसरून' अशा भाषेत घडलं असणार. या भाषेवर कोणी समीक्षा लिहीत नाही.

एकटाच, गुपचूप, नव्याने सुरुवात करणारा माणूस हे चित्रही नोकऱ्या आणि संपादनं बघताना टिकत नाही. १९५४ मध्ये आजच्या युरोपातले विचारवंत अशा विषयावरचा एक ग्रंथ निघाला. संपादक दोन: हान्स श्वेर्टे आणि विल्हेल्म श्पेंग्लर. हा श्पेंग्लर ओस्वाल्ड नव्हे. हा राइखच्या सुरक्षा मुख्यालयात संस्कृती विभाग सांभाळणारा एसएसचा वरिष्ठ अधिकारी. म्हणजे निदान एका माणसाला तरी श्वेर्टे कोण हे ठाऊक होतं, आणि दोघं मिळून पुन्हा युरोपच्या विचारवंतांची यादीच करत होते! येगर ज्या मौनाबद्दल बोलतात ते इथे अगदी मुखपृष्ठावर छापलेलं आहे.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. एर्लांगेनला श्वेर्टेच्या वरचे प्राध्यापक होते हाइन्स ओटो बुर्गर; त्यांनी संपादित केलेल्या साहित्येतिहासात विसाव्या शतकाकडे येणारा भाग श्वेर्टेनेच लिहिलाय. बुर्गर पुढे फ्रांकफुर्टला गेले. तिथे १९६० च्या दशकात त्यांची रेक्टर म्हणून निवड झाली, आणि नाझी काळातलं लिखाण बाहेर आल्याने त्यांना ते पद सोडावं लागलं. बुर्गरांनी लिहिलं होतं ते स्वतःच्या नावाने, म्हणून ते सापडलं. ज्याने नावच पुरलं तो आखेनला खुर्चीत बसला.

तुम्ही विचाराल, इतकी वर्षं कोणाला कसं कळलं नाही? संशोधन करणाऱ्याने या प्रश्नाशी जरा थांबावं. एसएस अधिकाऱ्यांच्या फाइली युद्धानंतर अमेरिकनांच्या ताब्यात, बर्लिनच्या दस्तऐवज केंद्रात होत्या. १९९४ मध्ये त्या जर्मन संघीय अभिलेखागाराकडे आल्या. श्नायडरची फाइल गहाळ नव्हती. पण श्नायडर मेलेला, म्हणून त्याला कोणी आजच्या प्राध्यापकांत शोधत नव्हतं. श्वेर्टे तर तिथे असणारच नव्हता. अभिलेखागार आपण विचारलेल्या नावापुरतंच उत्तर देतं. दोन नावं एकत्र ठेवून विचारायला बाहेरून कोणीतरी यावं लागलं. वुपरटालचे अमेरिकन अभ्यासक अर्ल जेफ्री रिचर्ड्स कबुलीच्या आधीपासून यामागे होते, आणि शेवटचा धक्का डच पत्रकारांनी दिला. आखेनच्या जर्मन साहित्य विभागातून सुरुवात झाली नाही.

अजून एक गोष्ट. अमेरिकन विभागात १९४५ नंतर प्रौढ नागरिकांना १३१ प्रश्नांचा छापील फॉर्म भरावा लागे, मग त्यांची पाच गटांत वर्गवारी होई. एसएस अधिकाऱ्याला तर आधी नजरकैद. पण थोड्याच वर्षांत बहुतेक लोक 'प्रवाहाबरोबर गेलेला' या सौम्य गटात ढकलले गेले आणि कामाला लागले. श्नायडरही कदाचित १९५५ च्या सुमाराला कुठल्यातरी प्रकाशनात खऱ्या नावाने काम करत असता. विद्यापीठ मात्र कठीण होतं. म्हणजे त्याने जे चोरलं ते स्वातंत्र्य नव्हे, ती खुर्ची होती. 'जगायला दुसरा मार्ग नव्हता' ही सहानुभूती मला म्हणूनच जास्तीची वाटते.

मग पुस्तकाचं काय करायचं? आमच्या विभागात यावर दोन मतं निघाली. एक सीनियर म्हणाला, काढून टाक, उगीच कशाला व्हायव्हाला डोक्याला ताप. दुसरी म्हणाली, युक्तिवाद बरोबर असेल तर लेखक कोणी का असेना. दोघांचं ऐकलं आणि दोघांचं पटलं नाही. काढून टाकलं तर १८७१ नंतरच्या फाउस्टबद्दल मी जे लिहिणार ते मी स्वतः शोधलं असा आव आणावा लागेल. तेही एक खोटं नावच. आणि लेखक कोणी का असेना म्हणावं, तर हे पुस्तक ज्याबद्दल आहे तेच विसरल्यासारखं होतं: विद्वत्तेचा शब्द कोण उच्चारतो, कुठे बसून उच्चारतो, कोणाच्या कामाला येतो. श्वेर्टेने फाउस्टच्या भक्तांना लावलेली कसोटी श्वेर्टेला लावायची नाही, असं कसं चालेल?

एक साधी तपासणी मी आता प्रत्येक महत्त्वाच्या संदर्भाला करते. पुस्तकाबरोबर लेखकाच्या नोकऱ्यांची तारीखवार यादी काढते: कुठे शिकला, कोणाच्या हाताखाली, कोणाबरोबर संपादन केलं, कोणत्या समितीवर होता, कोणत्या वर्षांबद्दल काहीच सापडत नाही. श्वेर्टेच्या यादीत १९४५ च्या आधी धड काहीच नाही. पस्तिशी गाठलेल्या माणसाच्या नावावर एक लेखही नसावा, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी त्याची तीन पानं टिपली होती, जन्मसालापलीकडे बघितलं नव्हतं.

सिनॉप्सिस मी दुरुस्त करून दिलं. संदर्भसूचीत पुस्तक 'श्वेर्टे, हान्स' याच नावाखाली ठेवलं, कारण पुस्तकावर तेच छापलंय आणि तुम्हाला ग्रंथालयात शोधायला तेच लागेल. पण प्रकरणात जिथे त्याचा पहिला उल्लेख येतो तिथे दोन वाक्यं घातली आहेत: लेखकाचं खरं नाव काय, आणि १९४० ते १९४५ तो कुठे, कोणत्या कामावर होता. गाइड म्हणतात, ही माहिती तळटीपेत जाऊ दे, मजकुरात कशाला. मी म्हटलं, तळटीपेत नको. पुढच्या बैठकीत त्यावर बोलणं होईल. मॅडमही असणार आहेत.